बारा चेता पाठ आहेत, पण रुग्णासमोर आठवत नाहीत

यवतमाळ जिल्ह्यातील एका उपकेंद्रावर सामुदायिक आरोग्य अधिकारी म्हणून काम करणाऱ्या ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पन्नाशीचा एक शेतकरी सकाळी उठला तेव्हा त्याचे तोंड डावीकडे ओढले गेले होते, उजवा डोळा मिटत नव्हता आणि चूळ भरताना पाणी उजव्या कोपऱ्यातून गळत होते. घरचे म्हणाले लकवा मारला, शेजारी म्हणाले रात्री लग्नाहून मोटारसायकलवर येताना वारे लागले. हातपाय नीट चालत होते, रक्तदाब थोडा वाढलेला होता. ताईंना सातवी क्रेनियल नर्व्ह, म्हणजे मेंदूतून थेट निघणाऱ्या बारा चेतांपैकी (नसांपैकी) चेहऱ्याची चेता आठवली, पण बिघाड मेंदूत आहे की चेतेत हे ठरवता आले नाही, म्हणून त्यांनी रुग्णाला तालुक्याला पाठवले. ‘बाराही नर्व्ह क्रमाने पाठ आहेत, तरी रुग्ण समोर बसला की काहीच सुचत नाही, त्या कामाला येतील अशा कशा शिकाव्यात?’ हा त्यांचा मूळ प्रश्न.

ताई, तुम्ही त्याला पाठवलेत ते योग्यच केलेत. तुमची अडचण मात्र स्मरणशक्तीची नाही. पुस्तक आपल्याला विचारते की सातवी चेता काय काम करते. रुग्ण उलटा प्रश्न घेऊन येतो, की हे काम बंद पडले आहे, तर बिघाड कुठे झाला? गावातली वीज गेली की लाइनमन तारांची यादी म्हणत बसत नाही. कोणकोणत्या घरांत अंधार आहे ते तो आधी पाहतो. एकाच घरात असेल तर फ्यूज, सगळ्या आळीत असेल तर डीपी, आणि चारही गावे अंधारात असतील तर फीडर. चेतांच्या बाबतीत मी गेली वीसेक वर्षे हेच करत आलो आहे. चेतेच्या क्रमांकापेक्षा तिचा पत्ता आणि तिचे शेजारी लक्षात ठेवले, तर उरलेले बरेचसे आपोआप सुचते.

हे क्रमांक कसे पडले ते समजले की शेजार लगेच ध्यानात येतो. मेंदूच्या खालच्या बाजूने समोरून मागे जाताना चेता ज्या क्रमाने दिसतात, त्या क्रमाने त्यांना अंक दिलेले आहेत. दुसऱ्या शतकातल्या गॅलेनने सातच जोड्या मोजल्या होत्या. इंग्लंडच्या थॉमस विलिसने १६६४ साली नऊ मोजल्या. आज आपण म्हणतो त्या बारा जोड्या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ सोमरिंग याने १७७८ साली ठरवल्या. विलिसने चेहऱ्याची आणि कानाची चेता मिळून एकच सातवी मानली होती, आणि आजची नववी, दहावी व अकरावी मिळून त्याची आठवी होती. ही गणना आज चुकीची ठरली असली तरी त्याच्या डोळ्यांना जे दिसले ते खरेच होते, कारण या चेता कवटीतून बाहेर पडतानाही जोडीने, गटाने जातात. सातवी आणि आठवी कानाच्या आतल्या एकाच छिद्रात शिरतात. नववी, दहावी आणि अकरावी कवटीच्या तळाशी एकाच दारातून मानेत उतरतात. म्हणून चेहरा वाकडा असून त्याच बाजूचा कान बहिरा झाला असेल, तर मी त्या छिद्राच्या आसपास बिघाड शोधतो. आवाज घोगरा, गिळताना ठसका आणि खांदा उतरलेला असेल, तर नजर कवटीच्या तळाकडे वळते.

मुळाशी पाहिले तर हे तीन मजल्यांचे घर आहे. वासाची पहिली आणि दृष्टीची दुसरी या दोन खऱ्या अर्थाने चेता नसून मेंदूचेच पुढे आलेले भाग आहेत, त्यामुळे त्यांना बाजूला ठेवू. उरलेल्या मस्तिष्कस्तंभाशी, म्हणजे मोठ्या मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठाशी, जोडलेल्या आहेत. वरच्या मजल्यावर, म्हणजे मिडब्रेनमध्ये, तिसरी आणि चौथी. मधल्या मजल्यावर पॉन्समध्ये आणि त्याच्या खालच्या कडेला पाचवी ते आठवी. तळमजल्यावर मेड्युलात नववी ते बारावी. अकरावीची बहुतेक मुळे मानेतल्या मज्जारज्जूतून वर चढून येतात, तेवढा अपवाद. आता या घराच्या मधून हातापायांकडे जाणाऱ्या मोठ्या तारा खाली उतरतात आणि मेड्युलाच्या तळाशी बाजू बदलतात, तर चेहऱ्याच्या चेता बहुतांशी आपापल्या बाजूलाच बाहेर पडतात. म्हणून मस्तिष्कस्तंभात बिघाड झाला तर चेहऱ्याची एक बाजू आणि हातापायांची दुसरी बाजू लुळी पडते. उजवी पापणी पडलेली आणि डावा हात-पाय गेलेला रुग्ण दिसला, तर तपासणी लांबवू नये, गाडी बोलवावी. अर्धांगाच्या नेहमीच्या रुग्णात चेहरा आणि हात-पाय एकाच बाजूचे जातात. इथे ते उलटसुलट असतात, आणि ही खूण ज्याच्या ध्यानात राहिली त्याला मस्तिष्कस्तंभाचे चित्र वेगळे पाठ करावे लागत नाही.

आता तुमच्या रुग्णाकडे येऊ, कारण सातवी चेता नीट समजली तर बाकीच्यांचा विचार कसा करायचा तेही समजते. चेहऱ्याच्या स्नायूंना हुकूम देणारे केंद्र पॉन्समध्ये आहे. त्या केंद्राच्या कपाळाकडच्या भागाला मोठ्या मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून तारा येतात, तोंडाकडच्या भागाला मात्र मुख्यतः विरुद्ध बाजूकडून. मोठ्या मेंदूत एका बाजूला रक्तपुरवठा तुटला तर तोंडाचा कोपरा उतरतो, पण कपाळाला दुसऱ्या बाजूची तार शाबूत असल्याने आठ्या पडतात आणि डोळाही बहुधा बंद होतो. चेता स्वतःच बिघडली तर कपाळ, डोळा आणि तोंड सगळेच जाते, कारण आता घराकडे येणारी शेवटची एकुलती एक तारच तुटलेली आहे. म्हणून ‘भुवया वर करा’ हा एकच प्रश्न तुमचा अर्धा निर्णय करून देतो. तुमच्या रुग्णाचे उजवे कपाळ सपाट होते का, हे तुम्ही लिहिलेले नाही. पण डोळा अजिबात मिटत नव्हता आणि हात-पाय, बोलणे, चालणे ठीक होते, यावरून चेतेचाच बिघाड अधिक संभवतो.

मी ‘अधिक संभवतो’ म्हणतो आहे, कारण या नियमालाही पळवाट आहे. सातव्या चेतेचे तंतू पॉन्समध्येच सहाव्या चेतेच्या केंद्राला वळसा घालून मग बाहेर पडतात. त्या वळणावर छोटासा रक्तस्राव किंवा गाठ झाली तर कपाळासकट चेहरा जाईल आणि मेंदूचा आजार चेतेचा वाटेल. मात्र त्याच बाजूचा डोळा बाहेरच्या दिशेला वळणार नाही. म्हणून चेहरा तपासताना डोळे सहा दिशांना फिरवून पाहिल्याशिवाय मी ‘साधा चेहऱ्याचा लकवा’ हे शब्द उच्चारत नाही. दुसरी फसगत जुन्या लकव्यात होते. वर्षानुवर्षे बरी न झालेली बाजू आखडते, तिकडची घडी खोल दिसते आणि चांगलीच बाजू उतरल्यासारखी वाटते. स्वस्थ बसलेला चेहरा पाहून ठरवू नये. डोळे घट्ट मिटायला आणि दात दाखवायला सांगावे, म्हणजे खरी कमजोर बाजू उघड होते.

पॉन्समधून निघाल्यावर ही चेता कानशिलाच्या हाडातल्या बोगद्यातून जाते. बोगदा अरुंद, सुमारे ३ सेंटीमीटर लांबीचा. चेता सुजली तर तिला पसरायला जागा नसते आणि ती आवळली जाते. याच बोगद्यात तिच्या फांद्या एकेक करून सुटतात: अश्रुग्रंथीकडे जाणारी, कानातल्या अगदी लहान स्नायूला जाऊन मोठा आवाज दबवणारी, आणि जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव आणणारी, जी जबड्याखालच्या लाळग्रंथींनाही पोचते. त्यामुळे ‘भाजीले चवच नाही लागत’ आणि ‘या कानात आवाज लय मोठा येते’ या दोन तक्रारी रुग्णाने आपणहून सांगितल्या तर मला आनंद होतो, कारण बिघाड बोगद्यातच आहे याची ती साक्ष असते. सर चार्ल्स बेल यांनी १८२१ साली या चेतेवर लिहिले, त्यांच्याच नावाने कारण न सापडणारा हा लकवा ओळखला जातो. तो काही तासांत, फार तर ३ दिवसांत पूर्ण होतो. महिनाभर हळूहळू वाढत गेलेला चेहऱ्याचा लकवा बेलचा नव्हे. तिथे गाठ शोधावी लागते.

मात्र बेलचे नाव घेण्यापूर्वी माझे हात तीन ठिकाणी जातात. पहिले कानाकडे: कानात किंवा कानाच्या पाळीवर पाण्याचे फोड असतील तर ती नागीण आहे, आणि जुना कान वाहत असेल तर हाड सडून चेतेपर्यंत पोचले असू शकते. दुसरे कानाखालच्या गालाकडे, कारण तिथल्या लाळग्रंथीतून ही चेता जाते आणि तिथली कडक गाठ तिला खाऊ शकते. तिसरे, आणि आपल्या भागात हे विसरून चालणार नाही, गालावरच्या चट्ट्याकडे. दत्तपूरचे कुष्ठधाम १९३६ साली आणि वरोऱ्याजवळचे आनंदवन १९४९ साली याच मातीत उभे राहिले ते काही उगाच नाही. कुष्ठरोग आजही आपल्या ओपीडीत येतो. गालावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा असेल तर सातव्या चेतेची डोळ्याकडे जाणारी फांदी बाधित होते आणि डोळा मिटत नाही, पण तोंड कित्येकदा सरळ असते. असा अर्धवट, तुकड्यातुकड्याने झालेला लकवा पाहिला की चट्टा शोधावा, आणि कोपर व गुडघ्याजवळच्या जाड झालेल्या चेता चाचपाव्यात.

डोळ्याविषयी थोडे थांबून लिहितो, कारण या बाबतीत माझ्या हातून चूक झालेली आहे. नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी एक बाई अशाच वाकड्या तोंडाने आल्या. निदान बरोबर केले, गोळ्या दिल्या, ‘बहुतेक लोक बरे होतात, घाबरू नका’ असा धीरही दिला. तूर काढणीचे दिवस होते. त्या नऊ दिवसांनी परत आल्या तेव्हा उघड्या राहिलेल्या डोळ्यात भुसा आणि धूळ जाऊन बुब्बुळावर पांढरा व्रण पडला होता. चेहरा दोन महिन्यांत सरळ झाला. डोळ्याला धूसरपणा राहिला तो कायमचा. सातवी चेता डोळा मिटते हे मला पाठ होते, पण डोळा मिटला नाही तर आज रात्री काय होईल, हा विचार मी केला नव्हता. तेव्हापासून प्रत्येक चेतेपुढे मी एक प्रश्न लिहून ठेवला आहे: ही बंद पडली तर रुग्ण उद्या सकाळपर्यंत काय गमावेल? सातवी बंद पडली तर डोळा. म्हणून दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, बाहेर जाताना चष्मा, रात्री डोळ्यात मलम घालून पापणी कागदी चिकटपट्टीने बंद करणे, हे गोळ्यांइतकेच औषध आहे. कापसाचा बोळा डोळ्यावर थेट बांधू देऊ नका. बोळ्याखाली पापणी उघडी राहिली तर तोच बोळा बुब्बुळाला घासतो.

कुष्ठरोगात हा धोका दुप्पट होतो, कारण तिथे कधी पाचवी चेताही बधिर झालेली असते. बुब्बुळाची संवेदना पाचवी आणते आणि पापणी सातवी मिटते. दोघी मिळून डोळ्याची राखण करतात. कापसाची बारीक वात करून बाजूने बुब्बुळाच्या कडेला हलकेच टेकवली की दोन्ही पापण्या मिटल्या पाहिजेत. स्पर्श केल्यावर एकही मिटली नाही तर पाचवी गेली. दुसऱ्या बाजूची मिटली आणि या बाजूची नाही, तर सातवी. ज्या डोळ्याला कचरा गेल्याचेही कळत नाही आणि जो मिटतही नाही, तो डोळा वाचवायला कोणीच नसते. असा रुग्ण नेत्रतज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात गेला पाहिजे.

पाचवीचा विषय निघाला म्हणून आणखी एक सांगतो. तिच्या तीन फांद्या कपाळ, गाल आणि खालचा जबडा अशा वाटून घेतात आणि तीच चावण्याच्या स्नायूंनाही चालवते. जबड्याच्या कोनावरची कातडी मात्र तिची नाही, ती मानेच्या चेतांची आहे. सगळा चेहरा कानापर्यंत, जबड्याच्या कोनासकट बधिर झाल्याचे कोणी सांगितले तर मी जरा अधिक बारकाईने तपासतो. पाचवीचा सर्वांत छळवादी आजार म्हणजे गालात विजेसारखी कळ येणे. तोंड धुताना, घास चावताना, वाऱ्याची झुळूक लागताना काही सेकंद कळ येते आणि जाते. माझ्याकडे आलेल्या एका मावशींचे त्यापायी तीन चांगले दात काढून झाले होते, कळ तशीच होती. दात ठणकतो तो तासन्तास. सेकंदात येऊन सेकंदात जाणारी, स्पर्शाने सुटणारी कळ चेतेची असते. दात काढण्याआधी एवढा फरक कोणी विचारला असता तर त्या मावशींना आज भाकरी चावता आली असती.

डोळा हलवणाऱ्या तिसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या चेतेसाठी पुस्तकातली आकृती नंतर पाहा. आधी रुग्णाच्या तक्रारीकडे लक्ष द्या. ‘मले दोन दोन दिसते’ असे म्हटले की एक डोळा झाकून विचारावे. एक झाकल्यावर एकच दिसत असेल तर डोळ्यांची जोडी तुटली आहे, म्हणजे चेता किंवा स्नायूंचा प्रश्न. एका डोळ्यानेही दोन दिसत असतील तर मोतीबिंदू वगैरे डोळ्याचाच दोष. सहावी गेली तर डोळा बाहेर वळत नाही. ही चेता कवटीच्या तळावरून लांब चढण चढून जाते, त्यामुळे मेंदूवरचा दाब कुठल्याही कारणाने वाढला तरी तीच ताणली जाते. ताप, महिनाभराची डोकेदुखी, उलट्या आणि डोळा आत वळलेला, असा तरुण रुग्ण आपल्याकडे आला तर टीबीचा मेंदूज्वर डोक्यात आधी यायला हवा. चौथी सर्वांत बारीक, आणि मस्तिष्कस्तंभाच्या पाठीमागून निघणारी एकमेव. ती गेली की जिना उतरताना, विहिरीच्या पायऱ्या उतरताना दोन दिसतात, आणि रुग्ण नकळत मान विरुद्ध खांद्याकडे झुकवून बसतो. ती क्वचित दिसते, म्हणून तिच्यावर मी फार वेळ घालवत नाही.

तिसरीवर घालवतो. पापणी उचलणे, डोळा वर, खाली आणि आत फिरवणे आणि बाहुली बारीक करणे ही तिची कामे. बाहुलीचे तंतू या चेतेच्या बाहेरच्या थरात असतात, त्यामुळे बाहेरून दाब आला की ते आधी मरतात आणि बाहुली मोठी होते. मधुमेहात चेतेच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, तेव्हा गाभा बिघडतो आणि बाहुली बहुधा शाबूत राहते. म्हणून पापणी पडलेली, डोळा खाली व बाहेर गेलेला आणि बाहुली मोठी, सोबत अचानक डोकेदुखी, हे चित्र मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेल्या फुग्याचे असू शकते, आणि तो फुटण्याआधी न्यूरोसर्जनपर्यंत पोचायला हवे. बाहुली नीट असलेला मधुमेही रुग्ण साधारण तीन महिन्यांत सुधारतो, तरी साखर तपासून त्याला फिजिशियनकडे पाठवावेच. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, रुग्ण आपण पाहिले. त्यांत तिसरी, चौथी, सहावी आणि पाचवीची वरची फांदी एकदम जात होती, कारण या चौघी कवटीतल्या एकाच फटीतून डोळ्याच्या खोबणीत शिरतात. कपाळ बधिर, पापणी पडलेली, डोळा थिजलेला, नाकातून काळी खपली, असे एकत्र दिसले की ‘बारापैकी कोणती’ हा प्रश्नच उरत नाही, ‘कोणते दार’ हे कळते.

आता आपल्या गावांत ज्याने माणसे हकनाक जातात, तो भाग. दोन्ही पापण्या सारख्याच पडलेल्या दिसल्या तर चेता शोधू नका, विष शोधा. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावतो. खूण दिसत नाही, सूज येत नाही, पहाटे पोट दुखते आणि सकाळी घरचे म्हणतात, ‘पापणी उचलतच नाही जी, झोपेतच हाय.’ तो झोपेत नसतो. मण्यारचे विष चेतेच्या टोकापासून स्नायूकडे जाणारा निरोप अडवते, त्यामुळे एकही चेता तुटलेली नसताना चेतांचीच लक्षणे दिसतात, आणि ती बहुधा वरून खाली उतरतात: पापणी, डोळ्यांची हालचाल, मग घसा आणि मान, शेवटी श्वास. रुग्णाला उशीवरून मान उचलायला सांगा, एका श्वासात अंक मोजायला सांगा, थुंकी गिळता येते का पाहा. मान उचलता येत नसेल तर श्वास जाण्यास फार वेळ उरलेला नसतो, आणि जिथे सर्पदंशाची लस तसेच कृत्रिम श्वासाची सोय दोन्ही आहे अशाच ठिकाणी त्याला न्यायचे, वाटेत कुशीवर ठेवून, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) हाताशी ठेवून. मांत्रिकाकडे घालवलेला तास या रुग्णाला परत मिळत नाही.

फवारणीच्या विषबाधेतही हेच स्नायू पुन्हा भेटतात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण कोणीच विसरलेलो नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट या फवारणीच्या औषधाच्या विषबाधेत सुरुवातीला बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, लाळ आणि घाम सुटतो, हे सगळ्यांना माहीत असते. पण पहिल्या दिवशीच्या उपचाराने बरा वाटणारा रुग्ण १ ते ४ दिवसांच्या दरम्यान अचानक मान उचलू शकत नाही, डोळे नीट फिरवू शकत नाही, गिळताना ठसकतो आणि मग श्वास दमतो. घरी जायची घाई करणाऱ्या अशा रुग्णाची मान आणि गिळणे रोज दोनदा तपासायला हवे. सुटी देऊन घरी गेलेला असेल तर आशाताईंना एवढेच सांगा: उशीवरून डोके उचलते का, पाणी पिताना ठसका लागतो का.

तळमजल्यावरच्या चेता तपासायला टॉर्च आणि पाण्याचा पेला पुरतो. ‘आ’ म्हणायला सांगून टाळू पाहा, आवाज ऐका, दोन घोट पाणी पाजून ठसका लागतो का पाहा, जीभ बाहेर काढायला सांगा. इथे विद्यार्थी हमखास गोंधळतात की काय कोणत्या बाजूला वळते. मी एक युक्ती सांगतो. टाळू आणि चेहरा ही रस्सीखेच आहे. ज्या बाजूचा गडी बळकट तिकडे दोर जातो, म्हणून पडजीभ आणि तोंड चांगल्या बाजूला ओढले जातात. जीभ आणि जबडा ही बैलजोडी आहे. डावा बैल थकला तर उजवा पुढे सरतो आणि बंडी डावीकडे वळते, म्हणून बाहेर काढलेली जीभ आणि उघडलेला जबडा कमजोर बाजूकडे जातात. बाजू बदलण्याचे कोष्टक पाठ करावे लागत नाही.

दहावी, म्हणजे व्हेगस, घशापाशी थांबत नाही. हृदय, फुप्फुसे आणि मोठ्या आतड्याच्या बऱ्याचशा भागापर्यंत जाते. तिची स्वरयंत्राची डावी फांदी छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून परत वर येते. त्यामुळे तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला घोगरा आवाज, विशेषतः बिडी किंवा खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) चालू असलेल्या माणसात, घशाच्या तपासणीबरोबर छातीचा एक्स-रेही मागतो. खर्ऱ्याने तोंडच उघडेनासे झालेला रुग्ण जीभ बाहेर काढू शकत नाही. तिथे जीभ हलवणारी बारावी चेता गेली असे समजू नये, आधी तोंड किती बोटे उघडते ते मोजावे आणि गालात व जिभेखाली बोट फिरवून न भरणारी जखम शोधावी. अकरावी मान वळवते आणि खांदा उचलते, आणि मानेच्या मागच्या त्रिकोणात ती कातडीच्या अगदी जवळून जाते. टीबीची गाठ तपासणीसाठी काढताना ती तुटलेला एक तरुण माझ्याकडे आला होता. पोते खांद्यावर घेता येत नव्हते आणि हात डोक्यावर जात नव्हता, पण त्याला कोणी कारणच सांगितले नव्हते. मानेच्या त्या भागातली गाठ सुईने तपासून भागत असेल तर आधी सुईच वापरावी, असे मी तेव्हापासून आग्रहाने सांगतो.

राहिल्या पहिली, दुसरी आणि आठवी. वासासाठी संत्र्याची साल किंवा चहापत्ती एकेका नाकपुडीशी धरावी. अमोनियासारखे झोंबणारे काही वापरू नये, कारण झोंबणे पाचवी सांगते, वास नव्हे. दृष्टीसाठी एकेक डोळा झाकून बोटे मोजायला सांगावीत आणि चारही कोपऱ्यांत बोट हलवून दिसते का विचारावे. ऐकण्यासाठी कानाशी बोटे चोळली तरी अंदाज येतो. चक्कर हा आठव्या चेतेचा दुसरा चेहरा आहे, पण तो विषय इतका मोठा आहे की इथे अर्धवट लिहिण्यापेक्षा सोडतो.

तपासणीचा क्रम म्हणाल तर मी एक ते बारा जात नाही. रुग्ण आत येताना पापण्या आणि चेहरा पाहतो, नाव-गाव विचारताना आवाज आणि उच्चार ऐकतो, मग डोळे, चेहरा, घसा, मान असा वरून खाली येतो, आणि शेवटी हात-पाय कधीच विसरत नाही, कारण तेच सांगतात की बिघाड एका घरात आहे की आळीत. सवय झाल्यावर याला पाच मिनिटे लागतात. कोणाला कधी पाठवायचे हे मात्र तुमच्या गावापासून सीटी स्कॅन किती दूर आहे, नदीला पूर आहे का, रुग्णाला मधुमेह आहे का, यावर थोडे अवलंबून राहणार. अर्धांगाची शंका असेल तर रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि झोपेतून उठताना आजार दिसला असेल तर घड्याळ रात्री झोपण्यापूर्वी शेवटचे ठीक पाहिले त्या वेळेपासून मोजतात. म्हणून चिठ्ठीत ती वेळ लिहा.

तुमच्या शेतकऱ्याकडे आज किंवा उद्या पुन्हा जा. कपाळावर आठ्या पडतात का, डोळा दोन्हीकडे फिरतो का, कानात फोड आणि गालावर बधिर चट्टा आहे का, हे पाहा. साखर आणि रक्तदाब तपासा. चेतेचाच लकवा असेल तर स्टिरॉइडच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्याचा फायदा सिद्ध झालेला आहे, पण मधुमेहात साखर वाढते, तेव्हा त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, आणि त्याला त्या दिल्या आहेत का हे चिठ्ठीवर वाचा. रात्री डोळ्याला पट्टी लावतो का, हे त्याच्या बायकोला विचारा, त्याला नव्हे. तीन आठवड्यांत सुधारणेची काहीतरी खूण दिसायला हवी. चार महिने उलटूनही कपाळ हलले नाही, किंवा लकवा वाढतच गेला, तर त्याला पुन्हा पाठवा आणि चिठ्ठीत सुरुवातीची तारीख लिहा.